अंजिरी खण

"प्रवासाला मळखाऊ रंग घ्यावेत," असं म्हणत आईनं दोन सुती पातळं पिशवीत घातली, एक राखी आणि एक विटकरी. त्यांच्यावर परकर, पोलकी, पंचा आणि माझे दोन सलवार-कुर्ते. ओढणी एकच. एक ओढणी दहा कामं करते असं तिचं मत होतं आणि पुढं ते खरंही निघालं. सगळं भरून झाल्यावर ती थबकली, भरलेलं सगळं पुन्हा बाहेर काढलं आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चपटी घडी आणून पिशवीच्या तळाशी ठेवली.

"ते काय गं?" मी विचारलं.

"खण."

"देवीचा खण तर वर ठेवलास की."

"तो हिरवा, बनशंकरीचा. हा वेणूचा. जाताना तिच्या ओटीत घालणार आहे. तिचा तिला परत."

मी पेन्सिलींना टोकं काढत होते, ते राहूनच गेलं.

वेणू म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. आजोबा माहुलीचे. दोन नद्यांच्या संगमाशी राहणाऱ्या माणसानं दोन मुलींची नावं कृष्णा आणि वेणा ठेवली, यात नवल नाही. आईनं तोच शिरस्ता चालवून माझं नाव शरयू ठेवलं. मावशीला दिलं होतं थेट बादामीला, कानडी मुलखात. लहानपणी सुट्टीत ती यायची तेव्हा मला मांडीवर घेऊन पाटीवर ठिपके काढायची आणि त्यातून मोर उठवायची. मी चित्रकलेच्या कॉलेजात गेले ती त्या मोरांमुळे. पण गेली दहा-अकरा वर्षं ती आमच्याकडे आली नव्हती. तिची पत्रं येत, आई ती वाचून डब्यात टाकी आणि उत्तर वडील लिहीत.

याचं कारण हा खण. आता खणाचं सांगायचं तर आपल्याकडे ओटीतला खण सहसा कोणी शिवत नाही. तो कपाटात जातो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत पडतो. खण गावभर हिंडतात आणि कोणी काही बोलत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं: जिनं दिला तिलाच तो परत जाता कामा नये. आईची या बाबतीत ख्याती होती. ती माणसांचे चेहरे विसरेल, खण विसरणार नाही.

मावशी लग्न होऊन बादामीला निघाली तेव्हा आईनं तिच्या ओटीत एक अंजिरी खण घातला होता. बारीक रथांची नक्षी, मोहरीच्या रंगाचा काठ. आमच्या मिरजेचा सगळा बाजार पालथा घालून आणलेला. पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या भावाच्या मुंजीत मावशीनं भर मांडवात आईची ओटी भरली आणि ओटीत निघाला अंजिरी खण, बारीक रथांचा, मोहरी काठाचा. मोठ्या काकू शेजारी होत्या. त्या हसून म्हणाल्या, "कृष्णाबाई, तुमचा खण माहेरपण करून आला की." बायका हसल्या. आईही हसली म्हणे. मावशीला तीनची गाडी होती, ती गडबडीत निघून गेली. त्या दिवसापासून आईनं तिचं नाव घेणं सोडलं.

आताही आम्ही निघालो होतो ते बहिणीसाठी नव्हे. कॉलेजची सहल बादामीची लेणी रेखाटून आली तेव्हा मी काविळीनं झोपून होते. रेखाटनं दिल्याशिवाय वर्ष पुरं होणार नव्हतं. मुलगी एकटी कशी जाणार, आणि मावशी गावात असताना धर्मशाळेत कसं उतरायचं? वडिलांनी परस्पर कार्ड टाकलं आणि आईला नंतर सांगितलं. आईनं दोन दिवस कपाट उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मळखाऊ पातळं काढली.

शिमगा नुकताच झाला होता. विजापूरला गाडी बदलली तेव्हा दुपार चढली होती. स्टँडवर एक बाई टोपलीत भाकऱ्या घेऊन बसली होती. पापडासारख्या पातळ आणि कडक, वर शेंगांची चटणी. मी दोन घेतल्या, ओढणीच्या टोकात बांधल्या आणि खिडकीशी बसून मोडून खाल्ल्या. आईनं चटणीतलं तेल बोटानं निपटून घेतलं, माझ्या काविळीसाठी. बाहेर काळी जमीन संपून तांबडी लागली, मग तांबडे डोंगर. माझं पाहणं चालू होतं, पण लक्ष पिशवीच्या तळाशी होतं. तो खण एकदा मावशीच्या ओटीत पडला की ते घर आपल्याला संपलं, एवढं मला कळत होतं. ओटीत परत आलेल्या खणाला उत्तर नसतं.

मावशी दारातच उभी होती. इलकलचं गर्द निळं लुगडं आणि अंगात खणाची चोळी, काठ दंडावर घट्ट बसलेला. तिकडे हा रोजचा वेश. भांडी घासताना, पाणी भरतानाही हाच. माझ्या कॉलेजातल्या मुलींनी तो स्नेहसंमेलनात घालून फोटो काढले असते.

"ये की गं अक्का," ती म्हणाली.

"बरं आहे ना सगळं?" आई म्हणाली. शेजारणीला विचारावं तसं.

मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि पाणी आणायला वळली. गुंडूकाका, म्हणजे मावशीचे यजमान, शाळामास्तर होते. ते मराठी जपून वापरत, जणू कुणाकडून उसनी आणलेली. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले.

जेवणात भरली वांगी होती, ज्यांना तिकडे एण्णेगायी म्हणतात. तेलाचा लालभडक तवंग, तीळ आणि कारळ्याचा वास. मी ताट पुढं केलं तशी आई म्हणाली, "तिला तेलकट नको." मावशीनं दुसरं पातेलं पुढं ओढलं. त्यात तीच वांगी, पण बिनतेलाची. काविळीचं तिला वडिलांच्या कार्डावरून कळलं होतं. मला ती पांढरी वांगी गिळताना तोंड वाकडं होत होतं, आणि आईनं मात्र तेलातली दोनदा घेतली. छान झालीत असं मात्र ती म्हणाली नाही.

आई न्हायला गेली तेव्हा मावशीनं आमची पिशवी उपसून कपडे दोरीवर वारा लागायला टाकले. "प्रवासाचे कपडे कोंडून ठेवू नयेत," म्हणाली. मी तेव्हा कट्ट्यावर बसून समोरच्या तांबड्या कड्याचं पहिलं रेखाटन करत होते, त्यामुळे त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याबरोबर लेण्यांत आली. आई म्हणाली, दगड काय बघायचे, आणि घरीच राहिली. मी असं काही आधी पाहिलं नव्हतं. अठरा हातांचा नाचता शिव, प्रत्येक हाताचा निराळा रोख. पण खरं सांगायचं तर मी अडकले ते खांबांच्या माथ्यावरच्या बायकांपाशी. त्यांच्या कमरेच्या वस्त्रांवर पट्टे होते, काठ होते, कुठं फुलं होती. देव सगळेच काढतात, मला वाटलं, यांनी त्या दिवशी काय नेसलं होतं ते कोण काढणार? मी तेच काढत बसले. मान वर करून करून दुखायला लागली तेव्हा ओढणीची उशी करून जमिनीवर उताणी झाले आणि तसंच काढलं.

मावशी शेजारी पाय पसरून बसली होती. आजूबाजूला माकडं होती आणि तिच्या पदराखाली आमच्या भाकऱ्या. तिनं बराच वेळ माझी वही पाहिली.

"तुझी आई अजून कापड तशीच बघते?" तिनं विचारलं. "हात न लावता, नुसतं नजरेनं?"

"तशीच. एकदा पाहिलं की विसरत नाही."

"हं," मावशी म्हणाली. एक माकड जवळ आलं, त्याला तिनं कानडीत काहीतरी सुनावलं. "पण हात लावून बघावं. नजर चुकते."

तिसरा दिवस आमचा शेवटचा. दुसऱ्या सकाळी गाडी होती. गुंडूकाका आईला बनशंकरीला घेऊन गेले. आई हिरवा खण, नारळ, तांदूळ घेऊन गेली. उद्या दुसऱ्या खणाची पाळी. मी लेण्यांत न जाता घरीच रेखाटनं पुरी करायला बसले. मावशीनं आतून एक कौदी आणली, म्हणजे जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली जाड गोधडी, आणि कट्ट्यावर अंथरून दिली.

"या उन्हात कौदी?" मी म्हटलं.

"दगड टोचतो की. बस."

आणि ती चुलीशी भाकऱ्या थापायला निघून गेली.

मी बसले. कौदीत कोणाकोणाचे कपडे होते! काकांच्या धोतराचा काठ, शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा, इलकलच्या लुगड्यांचे पदर. मी रेखाटनं सोडून ती कौदीच काढायला लागले. आई मला भोचक म्हणायची, ती काही उगाच नाही. एकेक चौकोन काढत कोपऱ्याशी आले आणि हात थांबला.

अंजिरी. विटून जांभळट झालेला, धागे सुटलेला, दोन ठिकाणी रफू केलेला. पण रथ ओळखू येत होते. मोहरी काठावर एक बारीक तांबडी रेघ होती.

मी उठले, दोरीमागं ठेवलेल्या पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली आणि उघडली. तेच रथ, तोच अंजिरी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. काठ पाहिला. मोहरीवर दोन रेघा होत्या.

दोन निराळे खण. माझ्या डोक्यात पार गोंधळ उडाला. कौदीचा कोपरा आणि खण दोन्ही हातात धरून मी स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं. मावशीनं मान वर केली नाही.

"कौदीतला तुझ्या आईनं दिलेला," ती भाकरी फिरवत म्हणाली. "नवी नवरी होते, भाषा येत नव्हती, सासू करडी. तो खण मी शिवला आणि रोज घातला. फाटला तसा रफू केला, पुन्हा घातला. बाह्या गेल्या तेव्हा ठिगळ लावलं. मग तुझ्या भावाच्या मुंजीचं बोलावणं आलं. म्हटलं, अक्काला काय द्यावं? हाच. उरलेला तुकडा घेऊन गुळेदगुड्डला गेले. तिथल्या मागांवर खण विणतात. विणकर म्हणाला, ही नक्षी आता कोणी मागत नाही, एका खणासाठी माग लावता येत नाही, अख्खा ताणा घ्यावा लागेल, निघतील तेवढे सगळे खण. घेतला."

"अख्खा?"

तिनं हात पुसले, कोपऱ्यातली ट्रंक उघडली. वरची लुगडी बाजूला केली. खाली अंजिरी खणांची चळत होती. एकावर एक, काठाला काठ, सगळ्यांवर त्याच दोन रेघा.

"एक मुंजीत दिला. म्हटलं, दर वर्षी अक्का येईल, दर वर्षी एक देईन. तिच्या जन्माचे पुरतील." ती ट्रंकेकडेच बघत होती. "आली नाही. आवडला नसेल. आताही अंगात दिसला नाही."

मला तिथंच सगळं ओकून टाकावंसं वाटलं, काकूंचं हसणं, आईची दहा वर्षं, सगळं. पण ते मावशीला सांगणं म्हणजे आईला तिच्यासमोर उघडं पाडणं. मी खण घडीत घातला, घडी पिशवीत घातली आणि कट्ट्यावर येऊन बसले.

आई उन्हातून आली. पाय धुळीनं भरलेले, कपाळावर देवळातलं कुंकू. मी तिला पाणी दिलं आणि कौदीवर पड म्हटलं. कोपरा तिच्या हाताखाली येईल अशी ती मी आधीच फिरवून ठेवली होती.

"उकडतंय. ही कशाला?" ती म्हणाली आणि आडवी झाली. थोड्या वेळानं कौदीवरून फिरणारा तिचा हात थांबला. मग तिचं बोट रफूवरून सावकाश गेलं, पुन्हा उलटं आलं.

"ही कौदी कोणाची?"

"मावशीची. तिनंच शिवलीय."

"पिशवी आण."

मी आणून दिली. तिनं खण काढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची घडी मोडली आणि तो कौदीच्या कोपऱ्याला लावला. एक रेघ, दोन रेघा. तिनं त्या बोटानं मोजल्या, मला कळू नये म्हणून हात आडवा धरून. मी ताण्याचं आणि ट्रंकेचं सांगितलं, हळू आवाजात. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

"माझा खण तर हिनं चिंध्या होईस्तोवर घातलाय," ती म्हणाली. आणि मग तोंडावर पदर ओढून पडून राहिली. तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, त्या दिवशीही तिनं पाहू दिलं नाही.

त्या संध्याकाळच्या भाकऱ्या साफ करपल्या होत्या. आईनं त्या निमूट खाल्ल्या. मावशीनं माझ्यासाठी पांढरं पातेलं पुढं ओढलं तेव्हा आई म्हणाली, "तेलातली वाढ तिला. चांगली झालीत ती." मी तीन वांगी खाल्ली. काविळीनंतरची ती पहिली तेलातली वांगी, त्यांची चव मला आजही आठवते.

सकाळी निघायच्या आधी आईनं मावशीला पाटावर बसवलं. नारळ घेतला, तांदूळ घेतले. मग वर्तमानपत्राची घडी उघडली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मावशीनं पदर पसरला.

आईनं खण हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"वेणू, तुझं मशीन चालतं का गं?"

"चालतं की."

"मग हा शिवून दे. बाह्यांना काठ येऊ दे, तुझ्यासारखा. गाडी उद्याची घेऊ."

मावशीनं पसरलेला पदर तसाच राहिला. "इतकी वर्षं शिवला नाहीस, अक्का?"

"चांगल्या दिवसासाठी ठेवला होता," आई म्हणाली. आईला खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ती बोलली ते फार छान बोलली.

दुपारपर्यंत चोळी तयार झाली. विटकरी पातळावर अंजिरी चोळी घालून आई दगड बघायला आली. अठरा हातांच्या शिवापुढं ती हात जोडून उभी राहिली, मग खांबापाशी बसली आणि मावशीनं तिला भाकरी मोडून दिली. मी दोघींना तसंच काढलं. कॉलेजात सरांनी रेखाटनं चाळताना ते पान वर काढलं आणि विचारलं, हे कितव्या लेण्यातलं? बाकीच्यांपेक्षा त्याच पानाला जास्त गुण मिळाले.

त्यानंतर आई जवळजवळ दर वर्षी बादामीला गेली आणि दर वर्षी एक अंजिरी खण घेऊन आली. सगळे शिवले. रोज घातले. शेवटी शेवटी आमच्या गल्लीत तिला अंजिरी चोळीच्याच बाई म्हणत. त्या खणांतला एकही दुसऱ्या कोणाच्या ओटीत गेला नाही.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी मावशीला भेटायला गेले. ती ऐंशीच्या पुढं, नजर अधू. ट्रंक मात्र तिनं स्वतःच उघडली. तळाशी एकच खण उरला होता. तिनं तो माझ्या ओटीत घातला.

"शरू, अक्काला कधी कळलं नाही ना?" ती म्हणाली.

"काय?"

"की मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी पिशवीतले कपडे दोरीवर टाकताना घडी दिसली, कागद उलगडून पाहिला. देवीचा खण निराळा, हा निराळा. दहा वर्षं कोरा ठेवून बाई तो प्रवासाला का आणेल? परत द्यायलाच. पण का, ते काही केल्या कळेना. दुसऱ्या दिवशी तू लेण्यात म्हणालीस, एकदा पाहिलं की ती विसरत नाही. तेव्हा लख्ख कळलं. तिला वाटत होतं, मी तिचाच तिला परत दिला."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर ती हरली असती. मोठी बहीण ती." मावशीनं ट्रंकेचं झाकण लावलं. "म्हणून कौदी काढली. तुला खोड होती, तू बघणार हे नक्की. आईला दाखवशील की नाही, एवढंच कळत नव्हतं. त्या दिवशी सगळ्या भाकऱ्या करपल्या माझ्या."

मी मिरजेला परत आले आणि पिशवी घरी न टाकता आधी शिंप्याकडे गेले.